गढूळ पाण्याचा स्वच्छ फोटो

पाण्याखाली फोटो काढायचे कॅमेरे आणि लाइट बनवतो असं मी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच समुद्र उतरतो. निळं पाणी, पिवळे मासे, रबरी सूट घातलेली एखादी बाई केस मोकळे सोडून तरंगतेय. तुमच्याही डोळ्यांत उतरला ना? मग पुसून टाका. भोपाळहून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी तो पाहिलाय एकदाच, तोही ओहोटीच्या वेळी. चिखल होता आणि एक चप्पल होती. आमच्या कॅमेऱ्यांनी आजवर जे पाहिलंय त्यात पिवळा मासा एकही नाही. बोअरवेलमध्ये अडकलेली मोटर पाहिली, टाकीच्या तळाचा गाळ पाहिला, धरणाच्या दाराचं कुजलेलं रबर पाहिलं. मी नकला करतो हे ज्यांना माहीत आहे ते म्हणतील, चला, निदान हसायला तरी मिळणार. मिळेल थोडंफार. पण पोट धरून वगैरे बसू नका.

आमचं वर्कशॉप अशोका गार्डनमध्ये, रेल्वे लाइनच्या इतकं जवळ की मालगाडी गेली की मांडणीवरचे स्क्रू आपापल्या जागा बदलतात. वर्कशॉप माझ्या काकांचं. काकांनी एका मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, आणि रिटायर झाल्यावर घराखालच्या गाळ्यात लेथ बसवलं. मी शाळा शिकलो पांढुर्ण्याला, डिप्लोमा केला भोपाळला, आणि होस्टेलचं जेवण सोसेना म्हणून काकांकडे राहायला आलो तो तिथेच चिकटलो. कॅमेरा आणि वायरी माझ्याकडे, त्यांना पाण्यापासून वाचवणारा डबा आणि झाकण काकांकडे. अशी वाटणी.

पाण्याच्या दोनच खोड्या असतात. एक, ते आत शिरतं. दोन, ते उजेड खातं. शिरण्यावर इलाज म्हणजे रबराची रिंग, तिला ग्रीस, आणि रिंगेत एक केससुद्धा अडकू द्यायचा नाही. नवा डबा झाला की आम्ही आत टिश्यू पेपर कोंबून तो ड्रममध्ये बुडवून ठेवायचो. टिश्यू कोरडा निघाला की काकू चहा देणार, ओला निघाला की काका मला शिव्या देणार, रिंग त्यांनी बसवलेली असली तरी.

उजेडाचं प्रकरण जास्त चिवट. गढूळ पाण्यात लाइट वाढवला की जास्त दिसेल असं सगळ्यांना वाटतं. धुक्यात गाडी चालवली असेल तर तुम्हाला माहीत असेल, हाय बीम मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यातही तेच. मातीचा एकेक कण उजेड परत तुमच्याच तोंडावर फेकतो. म्हणून लाइट कॅमेऱ्याजवळ लावायचे नाहीत. लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंनी, तिरके.

हे सगळे डबे पाण्यात नेऊन बघायचं काम भाऊ करायचा. भाऊ हे नुसतं हाक मारायचं नाव, माणूस गोताखोर, म्हणजे पाणबुड्या. भंडाऱ्याकडच्या तलावांत पोहायला शिकला, बापाच्या मागे भोपाळला आला आणि इथे एका ठेकेदाराकडे लागला. शहराबाहेरच्या ज्या तलावातून पिण्याचं पाणी उचलतात (कोणता ते विचारू नका) तिथे पाण्याखाली एक मोठी लोखंडी जाळी आहे. जलकुंभीची पानं, प्लास्टिक, हाराची फुलं, सगळं त्या जाळीला येऊन चिकटतं. भाऊ खाली जाऊन ते हातानं काढायचा. कानांत कायम पाणी असल्यासारखा तो मोठ्यानं बोलायचा. मी त्याची नक्कल त्याच्याच समोर करायचो, ओरडून चहा मागायचो, आणि तो ओरडून म्हणायचा, "माह्या आवाज एवढा बेकार हाये का बे?"

एक दिवस ठेकेदारानं त्याला पंप चालू असताना खाली पाठवलं. नियम आहे, गोताखोर खाली असला की पंप बंद. पण पंप बंद केला की टाक्या भरत नाहीत आणि फोन येतात. ठेकेदार म्हणाला, जाळी मजबूत आहे, तुला काय ओढतेय. जाळीच्या दोन सळया तुटून गेलेल्या होत्या. भाऊचा पाय त्या भोकातून आत ओढला गेला, मांडीपर्यंत. पंपहाऊसवरच्या ऑपरेटरनं त्याच्या कमरेच्या दोरीला बसणारे झटके खिडकीतून पाहिले, कुणालाही न विचारता पंप बंद केला आणि पळत येऊन त्याला ओढून काढलं. म्हणून माणूस वाचला. पायाचं मात्र काही सांगता येत नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. लवकर मोठं ऑपरेशन झालं तर पाय राहू शकेल. नाही झालं तर कापावा लागेल, आणि उशीर झाला तर अजून वरून. ऑपरेशन चांगल्या हॉस्पिटलात करायचं तर ठेकेदारानं कामावरचा अपघात म्हणून कबूल करायला हवं होतं, तरच खर्च मिळाला असता. ठेकेदार काय म्हणाला? म्हणाला, जाळी सलग आहे. तिच्यातून मांजर जाणार नाही, माणसाचा पाय कुठून जाईल? हा पिऊन दगडांवरून घसरला.

वहिनी, म्हणजे भाऊची बायको, वर्कशॉपमध्ये आल्या त्या दिवशी मी नेमका रेल्वे अनाउन्समेंटची नक्कल करत होतो. त्या दारात उभ्या राहिल्या. मी थांबलो. त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही पाण्याखालचे फोटो काढता ना? त्या जाळीचा काढून द्या. ती बदलायच्या आत."

काकांनी तोंडातली सुपारी बाजूला थुंकली. "कधी बदलणारेत?"

"नवी जाळी यार्डात येऊन पडली आहे. आठवडाभरात बसवतील म्हणतात."

काका माझ्याकडे वळले. "काय बे, निघेल?"

"निघेल," मी म्हणालो. मला तेव्हा खरंच वाटत होतं निघेल.

पहिल्या फेरीत आम्ही नेहमीचा डबा नेला. तलावाच्या काठापासून पाणी उचलायच्या विहिरीपर्यंत, जिच्या तोंडाला ती जाळी आहे, एक अरुंद पूल जातो. तिथे उभं राहून ॲल्युमिनियमच्या पाइपाला बांधून कॅमेरा खाली सोडला. लाइट दांड्यांवर, तिरके, अगदी पुस्तकात असतात तसे. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून काकूंची जुनी साडी डोक्यावर घेऊन मी आत बघत बसलो. स्क्रीनवर दुसऱ्यांदा उकळलेला चहा. नुसता चहा. जाळीपासून वीतभर अंतरावर नेला तरी चहाच. मग डबा अचानक पुढे गेला, ओढल्यासारखा, आणि जाळीवर जाऊन चिकटला. पाइप वाकायला लागला. आम्ही दोघं मिळून ओढतोय आणि तो सुटत नाहीये. शेवटी काकांनी पाइप आडवा पिळला तेव्हा सुटला. वर आला तर एक दांडी गायब.

काका पुलावर बसले. "याच्यात माणूस सोडला होता साल्यांनी," म्हणाले.

घरी येताना माझ्या डोक्यात एक जुनी युक्ती घोळत होती, इंटरनेटवर कधीतरी पाहिलेली. गढूळ पाणी स्वच्छ करता येत नाही ना? मग कॅमेरा आणि जाळीच्या मध्ये गढूळ पाणी येऊच द्यायचं नाही. पारदर्शक ॲक्रेलिकची एक पेटी करायची, कॅमेऱ्याकडे निमुळती, पुढे रुंद, सूप उभं धरल्यासारखी. तिच्यात स्वच्छ पाणी भरायचं. तिचं रुंद तोंड जाळीला टेकवायचं. मग कॅमेरा बघणार स्वच्छ पाण्यातून, आणि गढूळ पाणी उरणार फक्त काचेच्या आणि लोखंडाच्या मध्ये, बोटभर.

"आणि लाइट?" काकांनी विचारलं.

"पेटीच्या आत. पुढच्या कडेला, चारी बाजूंनी. मागे लावले तर काचेवर चमक येईल आणि आपलाच कॅमेरा आपल्याला दिसेल."

"रिकामी पेटी बुडणार नाही. लाकडासारखी वर येईल."

"रिकामी नाही ना काका. पाणी भरलेलं. पाण्यात पाण्याचं वजन किती?"

काकांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ते फार वेळा तसं बघत नाहीत. मग म्हणाले, "ॲक्रेलिक नीट चिकटव. गळलं तर तुलाच भरून सोडीन."

पेटी झाली. ड्रममध्ये मावेना म्हणून गच्चीवरच्या टाकीत सोडली. आत फिल्टरचं स्वच्छ पाणी भरलं होतं, कॅमेरा चालू केला, आणि स्क्रीनवर सोडावॉटर. काचेला आतून बुडबुडेच बुडबुडे. ऊन लागलं की पाण्यातली हवा सुटते आणि काचेवर येऊन बसते. झटकून निघेना, हलवून निघेना. मग पाणी उकळून, झाकून, थंड करून भरायचं ठरलं. घरातलं प्रत्येक पातेलं गॅसवर चढलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"हे काय, लग्न आहे का कुणाचं?"

"काकू, फक्त आजच्या दिवस."

"आणि वरण कशात लावू? तुझ्या टोपीत?"

मी काकूंच्याच आवाजात म्हणालो, "आज वरण राहू द्या, आज उपास." त्यांनी मला उलथनं दाखवलं आणि सगळ्यात मोठं पातेलं स्वतःच आणून दिलं, ते वर्षातून एकदा देवळातल्या भंडाऱ्याच्या जेवणाला निघतं ते. भाऊसाठी आहे हे त्यांना माहीत होतं.

एवढं सगळं झालं आणि एकच गोष्ट राहिली. पंप. पंप चालू असताना ती पेटी जाळीजवळ नेली असती तर जाळीनं ती गिळलीच असती. तो थोडा वेळ बंद हवा होता.

मी म्हणालो, ऑपरेटरला सांगू, त्यानंच तर भाऊला काढलं, तो नाही म्हणणार नाही. काका एकदम तडकले. "तो नाही म्हणणार नाही म्हणूनच विचारायचं नाही. ठेकेदाराचा कच्चा, रोजंदारीवरचा माणूस आहे तो, म्हणून तर अपघाताबद्दलही त्याला तोंड उघडता येत नाहीये. एका फोनवर घरी बसवतील. त्याच्या घरी दोन लहान पोरं आहेत."

"मग साहेबांना अर्ज देऊ?"

"दे. उत्तर येईपर्यंत जाळीला रंग लावून होईल."

साहेब म्हणजे त्या पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. ते एकदा आमच्या वर्कशॉपमध्ये टाकीत सोडायचा कॅमेरा बघायला आले होते. तासभर बसले, दोन चहा प्यायले, कॅमेरा घेतला नाही. पण मला त्यांचा आवाज मिळाला. दर वाक्याआधी घसा खाकरायचा, मग "मतलब", मग वाक्य असं सोडायचं की शेवटचा शब्द कुणी खाली पडलेला उचलून द्यावा. असा आवाज मी फुकट जाऊ देत नाही.

तर मी विचार केला. ऑपरेटरला विचारायचं नाही, बरोबर. पण साहेबांनीच हुकूम दिला तर? मग तो कुणाचं काही देणं लागत नाही. विचारलं तर म्हणेल, साहेबांचा फोन आला, बंद केला. मला ही युक्ती इतकी आवडली की काकांना सांगितलीच नाही.

सकाळी पुलावर पेटी भरली, पाइप जोडले, काका दोऱ्या तपासत होते. मी जरा लांब जाऊन फोन लावला. खाकरलो.

"मतलब, पंप बंद करो. लाइन में काम है. मैं बोलूँ तब चालू करना."

मग ऑपरेटर म्हणाला, "जी सर. कितनी देर?"

"मतलब, आधा घंटा समझो."

"जी सर. आराम से कर लीजिए."

थोड्या वेळानं पायाखालची पुलाची थरथर थांबली. काकांनी मान वर केली. "बंद झाला काय?"

"ट्रिप झाला असेल," मी म्हणालो. "नशीब. चला, सोडा खाली."

पेटी अलगद गेली. पाण्यात पाण्याचं वजन काहीच नसतं, खरंच. मी साडी डोक्यावर घेतली. आधी हिरवट अंधार, मग काहीतरी काळं, मग काका पाइप दाबून धरत म्हणाले, "टेकली," आणि मी लाइट लावले.

मी तुम्हाला सांगतो, मी तसा फोटो आयुष्यात पाहिला नव्हता. लोखंडावरच्या गंजाचे पापुद्रे दिसत होते. एक गोगलगाय दिसत होती, तिच्या शंखावरच्या रेघा मोजता आल्या असत्या. एका वेळी जेमतेम ताटाएवढा तुकडा दिसायचा, म्हणून आम्ही वरून खाली, डावीकडून उजवीकडे असं सरकत गेलो. मी साडीत बसून ओरडत होतो, "काका, काय शार्प आलंय! काका, सोनं आहे सोनं!"

मग भोक आलं. दोन सळया नव्हत्या. तुटलेली टोकं आतल्या बाजूला वळलेली. एका टोकाला निळं कापड अडकलं होतं, पांढऱ्या पट्टीचं, ट्रॅकपँटचं. शिलाईचा दोरा दिसत होता. कापडाच्या खाली त्या टोकावर आणखी काहीतरी होतं. मी फोकस नीट केला आणि मग मला कळलं ते काय आहे, आणि मग मी ओरडणं बंद केलं.

"काय झालं बे? दिसेना का?"

"दिसतंय काका."

मी फोटो काढले. हात चालत होता, बटण दाबत होता. काकांनी साडीत डोकं घातलं, बघितलं, आणि परत पाइप धरायला गेले.

त्या सकाळी अर्ध्या तुलसी नगरात नळ कोरडे राहिले. लोकांनी फोन करकरून साहेबांचं डोकं खाल्लं. दोनच दिवसांत ठेकेदारानं नवी जाळी बसवली आणि जुनी भंगारात गेली.

वहिनींच्या तक्रारीवर चौकशी झाली ती साहेबांच्याच ऑफिसात, लांब टेबलाच्या खोलीत. चौकशीला वरून एक मॅडम आल्या होत्या. साहेब, ठेकेदार, काका, वहिनी, मी. ऑपरेटरलाही बोलावलं होतं, तो बसायला सांगूनही दाराशी उभाच होता. भाऊ हॉस्पिटलात. ताप उतरत नव्हता.

मी फोटो मोठे छापून नेले होते. मला वाटलं होतं, फोटो टेबलावर ठेवायचे आणि खोलीत सन्नाटा पसरेल. मॅडमनी ते बघितले. साहेबांकडे सरकवले. साहेबांनी बघितले आणि ते हसायला लागले. ठेकेदारानं वाकून बघितलं आणि तोही हसला.

"मतलब मॅडम, ये हमारा तालाब है? पंद्रह साल से देख रहा हूँ, हाथ डालो तो हाथ नहीं दिखता. ये तो स्विमिंग पूल है."

"एआय है मॅडम," ठेकेदार म्हणाला. "आजकल बच्चे मोबाइल पे बना लेते हैं."

काकांनी पेटी समजावून सांगायचा प्रयत्न केला. काकांची हिंदी घाबरली की मराठीत पडते. उकळलेलं पाणी, बुडबुडे, काकूंचं पातेलं, सगळं एकात एक गेलं. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांची नजर फोटोवर होती, आणि मला दिसत होतं की त्यांनाही ते खरं वाटत नाहीये. मीच ती पेटी एवढी चांगली केली होती. थोडी गळली असती, थोडी माती आत गेली असती, तर फोटो खरा वाटला असता.

साहेबांनी शेवटचा खिळा ठोकला. म्हणाले, चालू पंपासमोर असली पेटी कुणी नेऊच शकत नाही, खेचली जाईल. आणि अपघातानंतर जाळी बदलेपर्यंत पंप एकदाच थांबला, तोही वीज ट्रिप झाली म्हणून. काय रे? त्यांनी दाराकडे पाहिलं.

"जी सर," ऑपरेटर म्हणाला. "ट्रिपिंग हुई थी."

"मतलब, इनको क्या सपना आया था कि बिजली कब जाएगी?"

वहिनींनी पदर तोंडावर घेतला. त्या रडत नव्हत्या. दात दाबून धरल्यासारख्या बसल्या होत्या. मला त्यांचं तसं बसणं बघवेना.

मी उभा राहिलो. खाकरलो. "मतलब, पंप बंद करो. लाइन में काम है. मैं बोलूँ तब चालू करना."

हुबेहूब. शेवटचा शब्द तसाच खाली पडलेला. साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मॅडमच्या ओठांवर क्षणभर हसू आलं आणि त्यांनी ते लगेच पुसलं. मी म्हणालो, मॅडम, वीज गेली नव्हती, पंप मी बंद करवला, फोन माझ्या नंबरवरून आहे, यांचा मोबाइल बघा, वेळ बघा, आणि फोटोवरची वेळ बघा. मॅडमनी हात पुढे केला. ऑपरेटरनं खिशातून मोबाइल काढून दिला. फोन होता. वेळ जुळत होती. मॅडमनी फोटो परत आपल्याकडे ओढले आणि या वेळी सावकाश बघितले. निळ्या कापडाशी त्या थांबल्या.

मला आठवतं, मी त्या वेळी सगळ्यांचे चेहरे बघत होतो, कुणाला कसा धक्का बसला ते. नकला करणाऱ्याला ती सवयच असते. ऑपरेटर तेवढा माझ्याकडे बघत नव्हता. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

अपघात कामावरचा म्हणून मान्य झाला. भाऊला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. पण ताप आत मुरला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर. गुडघा राहिला. गुडघ्याखालचं गेलं.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी खिडकीशी मोसंबी सोलत होत्या. भाऊ उशांना टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि पहिलं तिकडेच बघितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी साहेबांचा आवाज काढला. "मतलब, गोताखोर साहब, कैसे हो?"

"चूप बस," भाऊ म्हणाला.

एवढ्या हळू आवाजात त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्याले काढून टाकलं. ऑपरेटरले. माहीत हाये तुले?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "काहून? त्याची काय चूक? त्याला तर साहेबांचा हुकूम..."

"कोणता हुकूम बे? त्याच्या खिडकीतून तो पूल दिसते. दोरीचे झटके दिसले होते त्याले, अन तुम्ही दोघं पाइप अन पेटी घेऊन उभे दिसणार नाही? साडी डोक्यावर घेऊन बसलेला तू दिसणार नाही? साहेबानं कधी त्याच्यासारख्याले फोन केला हाये का आजपर्यंत? त्याले पहिल्या खाकरण्यात समजलं होतं हा कोण हाये ते. तरी जी सर म्हणाला. आराम से कर लीजिए म्हणाला. कोण म्हणते साहेबाले असं? अन वर ट्रिपिंग झाली म्हणून सांगितलं त्यानं. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी. ते खोटं चाललं असतं. कोणी विचारलं नसतं."

"पण भाऊ, फोटो खोटा ठरत होता. मी बोललो नसतो तर..."

"तर बोलायचं होतं! मी का नको म्हणतो? सांगायचं होतं का पंप बंद होता, आम्ही पाहिलं. बाहेर बोलावून त्याले आधी विचारायचं होतं का बाबा, असं सांगू का, तसं सांगू? एक मिनिट लागलं असतं. नाही. तुले भर खोलीत उभं राहून साहेबाचा आवाज काढायचा होता. मॅडम हसली ना? हिनं सांगितलं मले, मॅडम हसली म्हणून. तेवढ्यासाठी तुह्या जीव चालला होता. अन साहेबाले सगळ्यांसमोर तोंड लपवायले जागा नाही राहिली, मग तो कोणावर काढणार? तुह्यावर? तू त्याचा नोकर हाये का?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याच्यामुळेच तर मान्य झालं."

"मले माहीत हाये कशामुळे झालं. मी त्याचे पाय धरीन, उद्या चालता आलं का. पण आज मी बोलणार." तो परत माझ्याकडे वळला. "मले पाण्यातून ओढून काढलं त्या पोरानं. कोणाले न विचारता. त्याची पोरं शाळेत जातात का नाही ते आता कोण पाहणार? तू? आवाज काढून?"

वहिनींनी मोसंबीची फोड माझ्यापुढे धरली आणि स्टुलाकडे हात केला. मी स्टूल ओढलं.

"बसू नको," भाऊ म्हणाला. "उभा राह्य. माह्यं झालं नाही अजून."